कामठा डावीकडे, कुडवा उजवीकडे

आमच्या कॉलेजात ‘रहांगडाले सरांची चूक’ म्हणून जी गोष्ट अजून सांगितली जाते, ती चूक सरांची नव्हती. माझी होती. हे मी आजवर घरीसुद्धा बोललेलो नाही. एकाच माणसाला सांगितलं, तेही फार उशिरा. ते कसं घडलं ते ओघात येईलच. पण आधी सर कोण होते ते सांगायला हवं. नुसती चूक सांगितली तर माणूस राहून जाईल.

सर पहिल्या दिवशी कोणाला नाव विचारत नसत. मी सडक अर्जुनीहून गोंदियाला शिकायला आलो होतो. कॉम्प्युटर लॅबच्या दारात चपला काढत होतो, तर आतून आवाज आला, “कोन्या गावचा गा?” मी घाईने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट. खांद्यावरच्या दुपट्ट्याने कीबोर्ड पुसत असलेले ते गृहस्थ वर न बघता म्हणाले, “नाव हजेरीत आहे. गाव सांग.” मी गाव सांगितलं. “मंग तू आजपासून सडक. बस तिथं, खिडकीजवळ.” सगळी मुलं हसली. हसणाऱ्यांतही कोणी आमगाव होता, कोणी देवरी, आणि पुढच्या बाकावरची मुलगी तिरोडा, हे मला थोड्या वेळाने कळलं.

त्या नावाचा मला राग यायचा. एकदा चहाच्या टपरीवर धीर करून विचारलं, “सर, तुम्ही आडनाव काऊन नाही विचारत?”

ते बशीत चहा ओतत म्हणाले, “आडनाव विचारलं का माणूस खाली-वर होते. गाव विचारलं का निसता लांब-जवळ होते.”

मी बौद्ध घरातला. माझं आडनाव ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी येतं आणि मिटतं, ते बघायची मला लहानपणापासून सवय. सरांच्या चेहऱ्यावर ते कधी दिसलं नाही, कारण त्यांनी ती वेळच येऊ दिली नाही. स्वतः ते पोवार, कामठ्याच्या शेतकरी घरातले. घरी पोवारी बोलत, आमच्याशी झाडीबोली, आणि प्राचार्यांशी गोंदियाच्या रिवाजाप्रमाणे हिंदी.

यंत्रांशीही त्यांचं हेच वागणं. लॅबमध्ये लिनक्सवर चालणारा एक सर्व्हर होता, त्यात दोन डिस्क. एका डिस्कवर मुलांचं रोजचं काम, दुसरीवर त्या कामाची नक्कल. आता डिस्क यंत्रात नुसती बसवून भागत नाही. यंत्र चालू होताना त्याला सांगावं लागतं, की ही डिस्क उघड आणि अमुक नावाच्या जागी दाखव. याला माउंट करणं म्हणतात, आणि हे सांगणारी एक छोटी फाइल असते. पुष्कळ जण त्या फाइलमध्ये डिस्कचा क्रम लिहून मोकळे होतात: पहिली, दुसरी. सरांना ते पटत नसे. त्यांनी डिस्कनाच नावं दिली होती आणि फाइलमध्येही ती नावंच लिहिली होती. कामाची डिस्क कामठा. नकलेची कुडवा. त्या जिथे उघडायच्या त्या जागांनाही तीच नावं.

“कुडवाच काऊन सर?”

“माझी बहीण तिथं राहते म्हणून.”

मला वाटलं थट्टा करताहेत. ती त्यांच्या घरची रीत होती. आजोबांच्या काळी कोठीला आग लागून पेरणीसाठी राखलेलं सगळं धान जळालं, तेव्हापासून अर्धं बियाणं कामठ्याला आणि अर्धं कुडव्याला लेकीबहिणीच्या घरी ठेवायचं. सरांनी तीच रीत सर्व्हरला लावली. नक्कल आपोआप होईल अशी सोय करता आली असती. मी तसं सुचवलंही. ते म्हणाले, “धान सोताहून चालत कुडव्याले जाते का? कोणी तरी बंडी जुपा लागते ना.”

तर ही बैलबंडी ते महिन्यातून एकदा जुंपायचे. शनिवारी सकाळी, मुलं नसताना, स्वतःच्या हाताने. पडद्यावर दोन खिडक्या उघडायच्या, कुडव्यातली जुनी नक्कल पुसायची आणि कामठ्यातलं ताजं काम तिथे उतरवायचं. पुसण्याआधी ते मोठ्याने म्हणत, “कामठा डाव्या अंगाला, कुडवा उजव्या अंगाला,” आणि शाळेतल्या पोरासारखा उजवा हात वर करून स्वतःलाच दाखवत. मी पुढे त्याच विभागात शिकवायला लागलो तेव्हा हे बघून पाठमोरा होऊन हसायचो.

शिकवायला लागलो तरी मी ‘सडक’च राहिलो. एकदा तपासणीची समिती आली. सरांनी मोठ्या कौतुकाने मला पुढे केलं, “हा आमचा सडक. इथंच शिकला, आता इथंच शिकवून राहिला.” समितीतले एक गृहस्थ हसत म्हणाले, “सडक? कहीं सडकछाप तो नहीं?” सगळे हसले. सर हसले नव्हते, हे नंतर कळलं; तेव्हा मी बघितलं नाही. मला फक्त हसणं ऐकू आलं. ज्या माणसाने आडनावापासून मला वाचवलं, त्यानेच दिलेल्या नावाने मी भर सभेत उघडा पडलो, असं मला वाटलं.

समितीने जाता जाता सर्व्हरची सिस्टिम जुनी आहे, नवी करा, असं सुचवलं. सर भाच्याच्या लग्नाला गेले होते, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी नवा कर्नल टाकला. कर्नल म्हणजे यंत्र आणि त्यावर चालणारं सगळं यांच्यामधला दुभाषा म्हणा. तो टाकताना ती छोटी फाइल समोर आली. कामठा. कुडवा. समितीतल्या त्या माणसाचं हसणं पुन्हा ऐकू आलं. जागांची नावं बदलली असती तर मुलांचं काम अडलं असतं, म्हणून ती तशीच ठेवली. पण कोणत्या जागी कोणती डिस्क बसवायची ते सरांनी नावाने लिहिलं होतं, ते खोडून मी क्रमाने लिहिलं. कामठ्याच्या जागी पहिली डिस्क, कुडव्याच्या जागी दुसरी. हात पोचला तिथलं गाव काढून टाकलं, एवढंच समाधान. यंत्र बंद करून चालू केलं. सगळं जागच्या जागी दिसलं. सर परत आल्यावर मी सांगितलं, “कर्नल नवा टाकला सर.” फाइलबद्दल बोललो नाही.

जुना कर्नल डिस्कना एकेक करून उठवायचा, त्यामुळे पहिली ती पहिलीच राहायची. नवा सगळ्यांना एकदम हाक मारतो, आणि जी आधी ओ देईल ती पहिली. हे मी वाचलेलं होतं. मनावर घेतलं नव्हतं.

काही दिवस पहिली पहिलीच उठली. मग एका शुक्रवारी संध्याकाळी लाइन गेली आणि सर्व्हर बंद पडला. शनिवारी सरांनी तो चालू केला, आणि त्या दिवशी नकलेच्या डिस्कने आधी ओ दिली. ती कामठ्याच्या जागी जाऊन बसली, आणि मुलांच्या ताज्या कामाची डिस्क कुडव्याच्या जागी. बाहेरून सगळं तसंच. सरांनी हात वर केला असेल, मंत्र म्हटला असेल. उजवीकडचं सगळं पुसलं आणि डावीकडचं तिथे उतरवलं. महिन्याभराचं काम गेलं, आणि त्यावर जुनी नक्कल लिहिली गेल्यामुळे परत मिळण्याचीही सोय उरली नाही. शेवटच्या वर्षाच्या मुलांचे प्रकल्प त्यातच होते. बाहेरचे परीक्षक यायला थोडेच दिवस उरले होते.

मी लॅबमध्ये शिरलो तेव्हा सर दुपट्टा हातात घेऊन पडद्यासमोर बसले होते.

“सडक, काही तरी उलटं झालं गा. मुलायचं काम नाही दिसून राहिलं.”

“बघू सर.”

“तू बघ. मी आधी प्राचार्यायले सांगून येतो. लपवून ठेवलं का सडते.”

ते गेले. मी फाइल उघडली आणि काय झालं ते एका नजरेत कळलं. तिथपर्यंत ती चूक होती. कोणाच्याही हातून व्हावी अशी. त्यानंतर मी जे केलं त्याला चूक म्हणता येणार नाही. मी क्रम खोडला, कामठा आणि कुडवा ही नावं होती तशी परत लिहिली, आणि सर्व्हर बंद करून चालू केला.

प्राचार्य सरांच्या मागोमाग आले. “रहांगडालेजी, ये क्या कर दिया आपने?” सर खुर्चीत बसले. फाइल उघडली, ओळीवर बोट ठेवून वाचली. दोन्ही खिडक्या उघडून पाहिल्या. दोन्हीकडे जुनी नक्कल, पण नावं त्यांनी लिहिली होती तशीच. मी त्यांच्या खुर्चीमागे उभा होतो. बराच वेळ त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं, डाव्या आणि मग उजव्या. मग म्हणाले, “माझ्याच हातून झालं साहेब. मी डाव्या खिडकीत असन, मले वाटलं उजव्या खिडकीत आहो.”

मुलांचे प्रकल्प सरांनीच पुन्हा उभे केले. एकेकाला शेजारी घेऊन बसत. “देवरी, इथं तू दोन अटी टाकल्या होत्या, एकच काऊन लिहून राहिला?” “तिरोडा, तुझा तक्ता आधी असा नव्हता.” पोरांनी स्वतः लिहिलेलं त्यांना आठवत नव्हतं, ते सरांना आठवत होतं. परीक्षा वेळेवर झाली. तरीही स्टाफरूममध्ये थट्टा सुरू झाली ती थांबली नाही. सर चहाला आले की कोणी तरी विचारायचंच, “का सर, आज कामठ्याची गाडी कुडव्याले लागली का?” सर हसायचे. मीही हसायचो.

थट्टा त्यांना लागत नव्हती. त्यांना लागलं होतं ते वेगळं. त्यांचा मोठा भाऊ विसरण्याच्या आजारात गेला होता. शेवटी तो दुसऱ्याच्या धानाच्या बांधीत जाऊन बसायचा आणि ही माझीच म्हणायचा. सर त्याला हाताला धरून घरी आणायचे, भरवायचे. एका दुपारी लॅबमध्ये दोघेच असताना ते सहज बोलल्यासारखं बोलले, “भाऊचं असंच सुरू झालं होतं. आधी डावं-उजवं गेलं.”

तेव्हा सांगता आलं असतं. त्या वाक्यानंतर मी सांगायलाच हवं होतं. मी म्हणालो, “तसं काही नाही सर, एखाद्या वेळी होते.”

सरांची निवृत्ती जवळ आली. त्यानंतरही लॅब त्यांनीच सांभाळावी असं प्राचार्यांनी सुचवलं, थट्टेला न जुमानता. सरांनी नाही म्हटलं. “माझ्या डोक्यावर मलेच भरोसा नाही राहिला साहेब.” कामठ्याहून गोंदियाला ज्या मोटरसायकलवर ते आयुष्यभर आले, ती ताडपत्रीखाली गेली, ते बसने येऊ लागले. मुलांना गावावरून हाक मारणंही त्यांनी सोडलं. चुकीचं गाव तोंडून निघेल म्हणून आधी हजेरी बघायचे आणि मग नाव घ्यायचे. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर त्यांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या आणि म्हणाले, “गजभिये सर, सांभाळा.” मला जे हवं होतं ते त्या दिवशी मिळालं. रात्री जेवण गेलं नाही.

मग वर्षं गेली. मी विभागप्रमुख झालो. गेल्या वर्षी सर्व्हरवर पुन्हा नवा कर्नल टाकला आणि यंत्र अर्ध्यात अडून बसलं. पडद्यावर ओळ आली: कुडवा माउंट होत नाही. डिस्क जोडलेली दिसत होती, नाव दिसत होतं, पण उघडेना. पुष्कळ शोधलं, हाती लागलं नाही. फोन करता आला असता. मी गाडी काढली आणि कामठ्याला गेलो.

सर अंगणात बाजेवर बसून लाखोळीची डाळ निवडत होते. सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आत चुलीपाशी. मी अडचण सांगितली. ते मान न उचलता म्हणाले, “मले नको विचारू गा. माझ्या सांगण्यावर चालला त अजून एक डिस्क जाईन.”

मी उठलो नाही. थोड्या वेळाने डाळीतला खडा बाजूला टाकत त्यांनी विचारलं, “जुन्या कर्नलवर उठते का?”

“उठते सर.”

“तिथं कुडवा दिसते?”

“दिसते.”

“मंग डिस्क जित्ती आहे. नवा कर्नल तिले वाचून नाही राहिला, इतकंच. कुडवा मी जुन्या पद्धतीनं मांडली होती. ते वाचणारा तुकडा आता कर्नलसोबत येत नसन, वेगळा टाका लागन. तो टाक, मंग नव्या कर्नलवर उठवून पाय.” एवढं एका दमात, काही न अडखळता. आणि मग लगेच, “पण माझ्यावर भरोसा ठेवू नको. दुसऱ्या कोणाले तरी विचारून घे.”

मी तिथेच सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. समितीतल्या त्या माणसाचं हसणंसुद्धा सांगितलं.

त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “नावं तू काढले होते?”

“हो सर.”

“अना मी प्राचार्याकडं गेलो, तवा तू ते वापस टाकले?”

“हो सर.”

मी मार खायच्या तयारीने बसलो होतो. सरांनी आत हाक मारली, “ऐकली का वो? मी उजव्या खिडकीतच होतो.” आवाजात राग नव्हता. परीक्षेचा निकाल लागावा तसा तो आवाज होता. काकू दारात आल्या, त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि सरांना म्हणाल्या, “मी त कवाचीच म्हणून राहिली, तुमाले सारं आठवते. तुमीच ऐकत नव्हते.” सर उठले, ताडपत्री ओढली आणि दुपट्ट्याने मोटरसायकलची सीट पुसू लागले. एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होते.

काकूंनी चहा आणला. एकच कप, सरांसमोर ठेवला आणि आत गेल्या. त्या घरात मला चहा न मिळण्याची ती पहिलीच वेळ. सरांनी कपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अर्धा चहा बशीत ओतून बशी माझ्याकडे सरकवली. “पी. तिचा राग आहे तो. माझाही येईन, आज नाही.”

तो आला. आठवड्याभराने त्यांचा फोन आला. “कुडवा उठली का?”

“उठली सर. तुम्ही सांगितलं तेच होतं.”

“ठीक. आता ऐक. मी भाऊच्या वाटेनं जाऊन राहिलो, असं समजून इतके वर्षं काढले. सकाळी उठलो का बायकोचं नाव मनात घेऊन पाहो, आठवते का म्हणून. ते तू मले वापस देऊ शकत नाही. पण स्टाफरूममध्ये तुले एकदा सांगा लागन. कागद-बिगद नको. मी जिथं चहा पेत होतो, तिथं उभा राहून, तोंडानं.”

“सांगतो सर.”

त्यानंतर ते अधूनमधून मोटरसायकलवर गोंदियाला यायचे. लॅबमध्ये बसायचे, नव्या मुलांना विचारायचे, “कोन्या गावचा गा?” एकदा ऐकलेलं गाव पुढच्या वेळी बरोबर निघायचं, आणि मग ते माझ्याकडे बघायचे. चहाची वेळ झाली की विचारायचे, “सांगितलं का?”

“नाही सर.”

“मंग इथंच मागव.” स्टाफरूम समोरच, व्हरांडा ओलांडला की. तो त्यांनी कधी ओलांडला नाही.

मी का सांगितलं नाही? भीती वाटायची, की माझं आडनाव घेऊन कोणी तरी म्हणेल, ‘अशांकडून दुसरं काय होणार.’ ही भीती खोटी नव्हती. तसं म्हणणारे स्टाफरूममध्ये होते. पण ते कारण मी किती वापरलं तेही मला माहीत आहे. ज्या माणसाने मला आडनावाआड कधी ढकललं नाही, त्याचं देणं चुकवायला मी त्याच आडनावाआड लपत होतो.

यंदा धानाची कापणी सुरू असताना सर गेले. सकाळी अंगणात, छातीत दुखून, काही मिनिटांत. आदल्या दिवशी त्यांनी सगळ्या मजुरांना गावासकट हाका मारल्या होत्या, असं काकूंनी सांगितलं. माझ्याशी त्या तेवढंच बोलल्या.

घाटावर कॉलेजातले सगळे आले होते. परतताना एक जुने सहकारी मनापासून हळहळत म्हणाले, “हुशार माणूस हो. पण शेवटी शेवटी डोक्याने दगा दिला.” बाकीच्यांनी माना हलवल्या. मी शेजारून चालत होतो. मी तिथेही बोललो नाही.

आता हे लिहिलं आहे. छापून आलं तर कॉलेजातलेही वाचतील, पण सरांनी कागद मागितला नव्हता. स्टाफरूममध्ये, ते चहा पीत त्या जागी उभं राहून, मला तोंडाने म्हणायचं आहे: डिस्कची नावं मी काढली होती आणि मीच ती गुपचूप परत लिहिली; रहांगडाले सरांचं डोकं शेवटपर्यंत ठीक होतं. ते मी अजून म्हटलेलं नाही. तेवढं मी त्यांचं देणं लागतो.